सोन्याच्या पत्र्यातून निघालेले प्रोटॉन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगातला सर्वांत बलवान लेसर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत होता. नोव्हा नावाच्या जुन्या, अवाढव्य लेसरची एक शाखा वेगळी काढून तो उभारला होता. त्याची शक्ती एक पेटावॉट, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके वॅट. अणुसंमीलनाच्या इंधनाला चटकन पेटवता येईल का, हे पाहण्यासाठी तो बांधला होता आणि संशोधकांचे सगळे लक्ष वेगवान इलेक्ट्रॉनांकडे होते. प्रयोगांत हा लेसर प्लास्टिकच्या आणि सोन्याच्या पातळ पत्र्यांवर रोखला जाई. पत्र्याच्या मागच्या बाजूने, जिथे लेसरचा प्रकाश पोचलाही नव्हता, प्रोटॉनांचा नेटका झोत बाहेर पडताना दिसला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातले आकडे आजही वाचताना थबकायला होते: १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेचे सुमारे २० लाख कोटी प्रोटॉन, त्यांतल्या सर्वांत वेगवान प्रोटॉनांची ऊर्जा ५८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि लेसरच्या ऊर्जेतला १२ टक्के वाटा एकट्या प्रोटॉनांच्या पदरात.

प्लास्टिकमध्ये हायड्रोजन असतो, त्यामुळे त्यातून प्रोटॉन निघाले तर नवल नाही. पण सोन्यात हायड्रोजन नसतो. मग हायड्रोजनचे हे अणुगर्भ आले कुठून?

मळातून. निर्वात कोठीत ठेवलेल्या कुठल्याही पत्र्यावर पाण्याच्या आणि पंपातल्या तेलाच्या वाफेचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतोच. कितीही पुसा, तो पुन्हा धरतो. पाण्यात हायड्रोजन, तेलात हायड्रोजन. सोन्याचा पत्रा नुसता आधाराला होता. झोत निघाला तो त्याच्या पाठीवरच्या न दिसणाऱ्या कळकटीतून. गेली पंचवीस वर्षे या क्षेत्रातले बरेचसे काम याच मळाच्या जिवावर चालले आहे, आणि मला हा विषय आवडतो तो नेमका त्यामुळे.

हा शोध किती मोठा, हे कळायला आयनांना वेग देण्याची नेहमीची रीत डोळ्यांसमोर हवी, आणि ती पाहायला परदेशी जायला नको. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था मिळून चालवतात तो पेलेट्रॉन त्वरक आहे. एका उभ्या, कित्येक मजली उंच टाकीच्या मध्यभागी एक धातूचे टोक आहे. नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेल्या पोलादी गोळ्यांची साखळी अखंड फिरत राहून विद्युतभार त्या टोकावर नेऊन टाकते. असे करत टोकाचा दाब १४० लाख व्होल्टपर्यंत चढवता येतो. ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबाखाली भरलेला असतो. ऋणभारित आयन त्या टोकाकडे ओढला जातो, तिथे त्याचे इलेक्ट्रॉन काढून त्याला धनभारित केले जाते आणि मग तेच टोक त्याला पलीकडे ढकलून देते. एकाच व्होल्टेजचा दोनदा वापर! युक्ती देखणी आहे, पण जागा लागतेच. रेडिओलहरींवर चालणाऱ्या त्वरकांचीही तीच कथा. धातूच्या पोकळीत मीटरमागे काही कोटी व्होल्ट, फार तर दहा कोटींच्या आसपास गेले की पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागतात. जास्त ऊर्जा हवी तर यंत्र लांब करा, नाहीतर आयनाला गोल गोल फिरवा. दुसरा रस्ता नाही.

सोन्याच्या त्या पत्र्यामागे जे विद्युतक्षेत्र तयार झाले ते मीटरमागे एक लाख कोटी व्होल्टच्या घरातले होते. या हिशेबाने दहा मायक्रॉन अंतरात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, एक कोटी व्होल्टचा फरक पडतो. तिथे ठिणगी पडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण फुटायचे ते सगळे आधीच फुटलेले असते. पदार्थाचा प्लाझ्मा झालेला असतो.

इतके तीव्र क्षेत्र प्रकाशाने तयार करायचे तर प्रकाश कमालीचा दाटवावा लागतो. भर दुपारचे ऊन जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक दशांश वॅट इतके पडते. लिव्हरमोरच्या लेसरच्या केंद्रबिंदूवर हा आकडा तीनावर वीस शून्ये इतका होता. गंमत अशी की यात एकूण ऊर्जा काही फार नव्हती. सुमारे ४०० जूल, म्हणजे शंभर वॅटचा दिवा चार सेकंदांत खाईल तेवढी. पण ती अर्ध्या पिकोसेकंदात, मायक्रॉनांत मोजाव्या लागणाऱ्या ठिपक्यावर ओतली गेली. आजचे टायटेनियम-सफायर लेसर याहून आखूड स्पंद देतात, ३० फेम्टोसेकंदांचे. सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केले तर त्यांतला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. ३० फेम्टोसेकंदांत प्रकाश नऊ मायक्रॉन जातो. म्हणजे हवेतून जाणारा तो स्पंद कागदाच्या जाडीच्या दशांशाइतका चपटा असतो.

असा स्पंद घडवायची रीत १९८५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी दाखवली. तोवर अडचण ही होती की आखूड स्पंद थेट वर्धित करायला गेले की तो वर्धक स्फटिकालाच फोडतो. त्यांनी स्पंद आधी ताणला. त्यासाठी जवळपास दीड किलोमीटर प्रकाशतंतू वापरला. ताणल्यामुळे त्याची तीव्रता उतरली, मग तो निर्धास्तपणे वर्धित केला आणि शेवटी जाळ्यांच्या, म्हणजे ग्रेटिंगच्या, जोडीने पुन्हा आखडून घेतला. स्ट्रिकलंड तेव्हा विद्यार्थिनी होत्या आणि हा त्यांचा पहिला वैज्ञानिक निबंध. २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

आता पत्र्याच्या पुढच्या बाजूला काय होते ते पाहू. लेसर आयनाला ढकलतो, असा समज सहज होतो. तो खरा नाही. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. आज मिळणाऱ्या प्रकाशात त्याला थेट हलवून प्रकाशाच्या वेगाजवळ नेण्याची ताकद नाही. त्यासाठी तीव्रता आणखी कितीतरी पटींनी वाढावी लागेल. प्रकाश हलवतो तो इलेक्ट्रॉनांना. चौरस सेंटिमीटरमागे एकावर अठरा शून्ये वॅट ही तीव्रता गाठली की इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या एका हेलकाव्यातच प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात. इतक्या वेगाला लहरीतले चुंबकीय क्षेत्रही जाणवू लागते आणि ते त्यांना पुढच्या दिशेने लोटते. इलेक्ट्रॉन पत्र्यात घुसतात, आरपार जातात आणि पाठीमागून बाहेर पडू पाहतात. त्यांतले थोडेच निसटतात. ते गेले की पत्रा धनभारित होतो आणि उरलेल्यांना मागे खेचतो. पत्र्याच्या पाठीशी मग इलेक्ट्रॉनांचा एक ढग घोटाळत राहतो. तो ढग आणि पत्र्याची पाठ यांच्यामधले क्षेत्र म्हणजेच ते मीटरमागे लाख कोटी व्होल्ट.

हे क्षेत्र पाठीवरच्या मळातले अणू फोडते आणि मोकळे झालेले आयन ओढून घेते. सगळ्यांत हलका आणि भाराच्या मानाने सगळ्यांत कमी वस्तुमानाचा म्हणून प्रोटॉन पहिला सुटतो. कार्बन, ऑक्सिजन मागे राहतात, आणि पुढे गेलेल्या प्रोटॉनांमुळे त्यांच्या वाट्याचे क्षेत्र आणखी दुबळे होते. जड आयन हवे असतील तर आधी पत्रा तापवून मळ उडवावा लागतो. तसे केल्यावर जड आयनांना खरोखरच चांगला वेग मिळतो, हे प्रयोगांतून दिसले आहे.

सुरुवातीला मात्र सगळ्यांना हे पटले नव्हते. २००० च्या आसपास ब्रिटन आणि मिशिगनमधल्या गटांनाही वेगवान प्रोटॉन दिसले होते आणि ते पत्र्याच्या पुढच्या, लेसर पडतो त्या बाजूने निघून आरपार आले असावेत, असाही अर्थ लावला जात होता. लिव्हरमोरच्या मंडळींनी याचा निकाल लावायला पाचरीच्या आकाराचे लक्ष्य घेतले. त्याच्या मागच्या बाजूला दोन तिरके पृष्ठभाग होते. प्रोटॉन पुढून येत असतील तर झोत एकच निघायला हवा. निघाले दोन, आपापल्या पृष्ठभागाला काटकोनात. वाद पूर्ण मिटला नाही, पण पाठीमागच्या पृष्ठभागाची बाजू भक्कम झाली. प्रयोग असावा तर असा: महागडे उपकरण नाही, फक्त लक्ष्याचा आकार बदलला.

हे प्रोटॉन मोजतात तेही पाहण्यासारखे असते. किरणोत्साराने रंग बदलणाऱ्या पारदर्शक फिल्मचे चौकोन एकावर एक रचून पत्र्यामागे ठेवतात. एका स्पंदानंतर गठ्ठा उघडला की पहिल्या फिल्मवर मोठे गडद निळे वर्तुळ, पुढच्यावर थोडे लहान, मग आणखी लहान आणि फिकट. कमी ऊर्जेचे प्रोटॉन वरच्या थरातच थांबलेले असतात. शेवटच्या फिल्मवर जो पुसट ठिपका असतो तो सर्वांत वेगवान प्रोटॉनांचा. गठ्ठ्यातली कितवी फिल्म निळी झाली, यावरून विक्रम ठरतात! इलेक्ट्रॉनिक मापकांना इथे एक वेगळाच त्रास असतो: स्पंदाबरोबर विद्युतचुंबकीय लहरींचा असा धक्का बसतो की आसपासचे संगणक आणि कॅमेरे अडकून पडतात. फिल्मला असे काही होत नाही.

या झोताचे गुण आणि अवगुण दोन्ही टोकाचे आहेत. प्रोटॉन जिथून निघतात तिथे झोत पिकोसेकंदांत मोजण्याइतका आखूड असतो आणि त्यातल्या प्रोटॉनांच्या दिशा इतक्या सुसंगत असतात की नेहमीच्या त्वरकांनी हेवा करावा. पण ऊर्जा सगळ्यांची वेगवेगळी. कमी ऊर्जेचे पुष्कळ, जास्त ऊर्जेचे मूठभर. शिवाय झोत शंकूसारखा पसरत जातो, आणि दोन लागोपाठच्या स्पंदांतून तंतोतंत सारखा झोत मिळेल याची खात्री नसते. ताकद मिळाली, शिस्त मिळाली नाही. पुढच्या काळातली खरी झुंज या शिस्तीसाठी आहे, पण बातम्या होतात त्या ताकदीच्या.

शिस्तीआड येणारी मोठी खोड लेसरच्याच अंगी असते. मुख्य स्पंद येण्याआधी वर्धकांतून थोडा प्रकाश झिरपत असतो. तो मुख्य स्पंदाच्या एक कोटीवा भाग जरी असला, तरी एकावर वीस शून्यांचा कोटीवा भाग म्हणजे एकावर तेरा शून्ये, आणि एवढी तीव्रता पत्र्याचा पृष्ठभाग प्लाझ्मा करून उधळायला पुरते. खरा स्पंद पोचतो तेव्हा समोर पत्रा उरलेलाच नसतो. यावरचा उपाय म्हणजे प्लाझ्मा-आरसा. स्पंदाच्या वाटेत काचेची तिरकी तकतकीत पट्टी ठेवायची. आधीचा दुबळा प्रकाश काचेतून पार निघून जातो. मुख्य स्पंदाची चढती कड आली की काचेचा पृष्ठभागच प्लाझ्मा बनतो आणि उरलेला स्पंद आरशासारखा परावर्तित करतो. दर स्पंदाला काचेची नवी जागा खर्ची पडते, ते वेगळे.

प्रकाश असा स्वच्छ झाल्यावर पत्रे पातळ करण्याची चढाओढ लागली. काही नॅनोमीटर जाडीचे, हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचे वर्ख वापरले गेले. कल्पना अशी की इतक्या हलक्या वर्खाला प्रकाशाचा दाबच शिडासारखे ढकलत नेईल. चौरस सेंटिमीटरमागे एकावर वीस शून्ये वॅट इतक्या प्रकाशाचा दाब हवेच्या दाबाच्या तेहतीस अब्ज पट भरतो, तेव्हा कल्पना काही हवेतली नाही. सगळे प्रोटॉन एकाच ऊर्जेचे मिळावेत अशी त्यातून आशा होती. प्रत्यक्षात वर्ख सपाट राहत नाही. वाकतो, फाटतो, प्रकाश त्यातून गळू लागतो. माझ्या मते या क्षेत्रात कागदावर सर्वांत सुंदर दिसणारी आणि प्रयोगशाळेत सर्वांत हट्टी ठरलेली कल्पना हीच.

विक्रमांची चाल त्यामुळे संथ राहिली. नेहमीच्या पद्धतीत प्रोटॉनांची कमाल ऊर्जा साधारण तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा दुप्पट हवी तर तीव्रता चौपट. २००० मधल्या ५८ नंतर ब्रिटनमधल्या रदरफोर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेच्या व्हल्कन लेसरवर शंभराच्या अगदी जवळ पोचल्याचे जाहीर झाले ते २०१८ मध्ये. आणि २०२४ मध्ये जर्मनीत ड्रेसडेनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातल्या ड्राको लेसरने १५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट गाठले.

ड्रेसडेनचा प्रयोग ताकदीच्या जोरावर जिंकलेला नाही. ड्राकोच्या स्पंदातली ऊर्जा लिव्हरमोरच्या तुलनेत अगदीच थोडी. लक्ष्य होते काही शे नॅनोमीटर जाडीचा प्लास्टिकचा पापुद्रा. स्पंदाच्या चढत्या कडेने तो पापुद्रा आधी फुगवला. ज्या प्रकाशाला इतकी वर्षे शत्रू मानले, त्यालाच इथे कामाला लावले. फुगलेला प्लाझ्मा नेमक्या क्षणी मुख्य स्पंदाला पारदर्शक झाला, कारण प्रकाशाच्या वेगाजवळ गेलेले इलेक्ट्रॉन जणू जड होतात आणि प्रकाशाला अडवू शकत नाहीत. पापुद्र्यातून आत शिरलेल्या प्रकाशाने मग एकामागून एक अशा टप्प्यांनी प्रोटॉनांना ढकलले. पापुद्रा फार जाड असेल तर प्रकाश अडतो. फार पातळ असेल तर प्रोटॉन सुटण्याआधीच सगळे विरते. सगळा खेळ फेम्टोसेकंदांच्या वेळेचा.

१५० या आकड्याला महत्त्व येते ते कर्करोगाच्या उपचारांमुळे. प्रोटॉन शरीरात शिरताना वाटेत कमी ऊर्जा सोडतो आणि थांबण्याच्या जागी एकदम बरीच. त्यामुळे गाठीमागचे निरोगी ऊतक वाचते. ५८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन पाण्यात तीन सेंटिमीटर जातो; डोळ्यातल्या गाठीला एवढे जवळपास पुरते. १५० चा सोळा सेंटिमीटरच्या आसपास, आणि खोल गाठींसाठी लागणारा २३० चा तेहतीस. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले. त्याआधी २०१९ मध्ये चेन्नईतल्या एका खासगी रुग्णालयात. अशा केंद्रांत वापरले जाणारे मोठे सायक्लोट्रॉन दोनशे टनांच्या वरचे असतात. मग लेसरने ते टेबलावर आणता येईल का? हे आश्वासन गेली वीस-पंचवीस वर्षे दिले जात आहे आणि त्याकडे जरा सावधपणे पाहिलेले बरे. यंत्र लहान झाले तरी प्रोटॉन तेच राहतात; त्यांना अडवायला काँक्रीटच्या तेवढ्याच जाड भिंती लागतात, वळवायला चुंबक लागतात. आणि रुग्णाला द्यायची मात्रा अमुक इतकी म्हणजे तितकीच हवी. दर स्पंदाला बदलणारा झोत तिथे चालत नाही.

तरी पाऊल पडले आहे. २०२२ मध्ये ड्रेसडेनच्याच गटाने उंदरांच्या कानावर वाढवलेल्या गाठींना लेसरने वेग दिलेल्या प्रोटॉनांची मोजूनमापून मात्रा दिली. दोन स्पंदित चुंबकांनी पसरट झोत गोळा करून हवी ती ऊर्जा निवडली, आणि गाठींची वाढ मंदावली. गाठ काही मिलिमीटरची होती. पण शिस्तीच्या बाजूने झालेली माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी कमाई.

तोवर हे झोत इतरत्र कामाला लागलेच आहेत. पिकोसेकंदांचा झोत दुसऱ्या प्लाझ्मातून पार केला तर तिथली विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे प्रोटॉनांना वळवतात आणि फिल्मवर त्यांचे चित्र उमटते. क्षणात नाहीशा होणाऱ्या क्षेत्रांचे असे चित्र घ्यायला यापरते चांगले साधन क्वचितच आहे. इथे ऊर्जेची विस्कळीतताही उपयोगी पडते: वेगवान प्रोटॉन आधी पोचतात, संथ नंतर, आणि गठ्ठ्यातली प्रत्येक फिल्म वेगळ्या क्षणाचे चित्र देते. उपग्रहांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचणीसाठीही याच विस्कळीततेवर डोळा आहे, कारण अवकाशातला किरणोत्सारही एकाच ऊर्जेचा नसतो.

टाटा संस्थेत तर याहून वेगळी वाट शोधली गेली. तिथे जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अतितीव्र लेसरचे काम रुजवले, आणि एम. कृष्णमूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की या पद्धतीने वेगवान आयनच नव्हे, वेगवान उदासीन अणूही मिळतात. आर्गॉन वायू निर्वातात सोडून थंड केला की त्याचे नॅनोमीटर आकाराचे पुंजके बनतात. लेसर पुंजक्यातले इलेक्ट्रॉन उडवतो, उरलेले धन आयन एकमेकांना ढकलत फुटतात आणि काहींना दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा मिळते. बाहेर पडताना ते भोवतालच्या उत्तेजित पुंजक्यांमधून जातात आणि तिथून आपले गेलेले इलेक्ट्रॉन परत मिळवतात. भार नाहीसा होतो, वेग तसाच राहतो. असा अणू विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात वळत नाही. पेलेट्रॉनच्याच आवारात त्वरणाची ही अगदी उलटी रीत सापडावी, याची मला मौज वाटते.

आता सगळीकडे डोके खाजवले जात आहे ते लक्ष्यांवर. सेकंदाला दहा स्पंद देणारे बलवान लेसर हाताशी येत आहेत. दर स्पंदात एक पापुद्रा नष्ट होतो, म्हणजे तासाला ३६,००० पापुद्रे लागणार, आणि प्रत्येक पापुद्रा केंद्रबिंदूवर मायक्रॉनांच्या अचूकतेने बसवायचा. कुणी फीत सरकवत नेते, कुणी पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवते, तर कुणी हायड्रोजनच उणे अडीचशे अंश सेल्सियसच्याही खाली गोठवून त्याची केसाहून बारीक धार निर्वातात सोडते. या धारेत मळ नाही आणि कार्बनही नाही, सगळे प्रोटॉनच. शिवाय स्पंदागणिक ती आपली आपण नवी होते. फक्त ती जागच्या जागी स्थिर राहत नाही, थरथरते. आणि लेसरचा ठिपका काही मायक्रॉनांचाच असल्याने तेवढ्या थरथरीनेही नेम चुकतो.